सह्याद्रीची शिखरे चढायला खर्च किती येतो?

कळसूबाईला जाऊन यायला मुंबईहून माणशी सातशे-आठशे रुपये पुरतात. त्याच कळसूबाईसाठी कुणी बाराशे मोजतो, कुणी दीड हजार, आणि दोघांनीच गाडी ठरवली तर माणशी तीन हजारही होतात. शिखर तेच, बारीच्या वाटेवरच्या लोखंडी शिड्या त्याच, वर देवळापुढची रांगही तीच. फरक पडतो तो घर ते पायथा एवढ्या प्रवासात.

सह्याद्रीत प्रत्यक्ष डोंगर चढायला जवळपास काही लागत नाही. वनखात्याचे वा गावाचे वीस-तीस रुपयांचे तिकीट, एवढेच. पैसा जातो तो स्टेशनपासून किंवा एसटी स्टँडपासून पायथ्याच्या गावापर्यंतच्या वीस-पन्नास किलोमीटरमध्ये. तो खर्च किती जणांत वाटला जातो, यावर बाकीचे गणित ठरते. हे ध्यानात घेतले की कुठे हात आखडायचा आणि कुठे सैल सोडायचा, हे ठरवणे सोपे जाते. माझे मत आधीच सांगतो: प्रवासात आणि सामानात काटकसर करावी, वाटाड्या, बूट आणि गावातले जेवण यांत करू नये.

पुढचे दर मोघम आहेत आणि अलीकडच्या साध्या शनिवार-रविवारचे आहेत. पावसाळ्यातले लागोपाठच्या सुट्यांचे दिवस, काजव्यांचा हंगाम आणि ३१ डिसेंबर यांचा हिशेब वेगळा, तो पुढे येईल.

कोकणातून चढायचे की घाटावरून?

सह्याद्री किनाऱ्याला समांतर धावतो. कोकणची चिंचोळी पट्टी संपली की तो भिंतीसारखा एकदम उभा राहतो, आणि भिंतीपलीकडे घाटमाथा पूर्वेकडे हळूहळू उतरत जातो. त्यामुळे मुख्य धारेवरच्या बहुतेक डोंगरांना दोन बाजू असतात, आणि त्या दोन बाजूंचा खर्चही निराळा असतो. कोकणाच्या बाजूची गावे समुद्रसपाटीपासून जेमतेम शे-दोनशे मीटर उंचीवर असतात. मुंबईकराला ती जवळ आणि स्वस्त पडतात, पण चढ पुरा अंगावर येतो. घाटावरची गावे मुळातच सहाशे-आठशे मीटरवर वसलेली. तिथून चढ निम्म्याने कमी होतो, पण त्या गावापर्यंत पोहोचायला वळसा घालून गाडीने जावे लागते आणि खिशाला चाट बसते.

हरिश्चंद्रगड हे याचे सगळ्यात ठळक उदाहरण. पाचनईहून गेलात तर अडीच-तीन तासांत देवळाशी पोहोचता, पण पाचनईला जायला राजूर गाठून पुढे घाटरस्त्याने गाडी करावी लागते. खिरेश्वरची वाट माळशेजच्या हमरस्त्याला जवळ. कल्याणहून आळेफाट्याच्या दिशेने जाणारी एसटी खुबी फाट्यावर उतरवते, तिथून धरणाच्या कडेने चालत खिरेश्वर. ही वाट टोलार खिंडीतून जाते, तिला चार-पाच तास लागतात, पण खर्च निम्म्यावर येतो. आणि कोकणातून, बेलपाड्याहून, थेट कोकणकड्याच्या पोटातून चढणारी नळीची वाट आहे. तिथे जायचे भाडे सगळ्यात कमी. मात्र दोर आणि जाणता माणूस बरोबर लागतो, आणि पुरा दिवस दगडांच्या राशीतून वर सरकत राहावे लागते. स्वस्त पडते म्हणून नळीच्या वाटेला पहिल्यांदाच जाणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांनी तसे करू नये. पहिल्यांदा पाचनई, मग खिरेश्वर, आणि चार-पाच चांगले डोंगर पायाखालून गेल्यावर नळी, हा क्रम शहाणपणाचा आहे.

या घाटवाटांवर पैसे मोजण्याची रीत आजची नाही. नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनकालीन शिलालेखाच्या लेण्याजवळ दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकत, असे परंपरा सांगते. आज नाणेघाटाची वाट चढायला जकात नाही, आणि ती अत्यंत सोयीचीही आहे, कारण कल्याण–माळशेज रस्त्यावर वैशाखऱ्याच्या पुढे जिथे एसटीतून उतरता तिथूनच पायवाट सुरू होते. मधली गाडी नाही, जीप नाही. कल्याणहून जाऊन-येऊन अडीचशेच्या आत प्रवास होतो. घाट चढून वर गेल्यावर अंगात जोर असेल तर शेजारी जीवधन उभाच आहे. त्याच्या कातळपायऱ्यांवर मात्र नवख्यांनी सोबतीशिवाय जाऊ नये.

शेवटचे काही किलोमीटर

सगळ्यात स्वस्त डोंगर म्हणजे ज्याच्या पायथ्याशी रेल्वे जाते तो. ठाणे-मुंबईच्या माणसाला नेरळला उतरून पेबचा किल्ला, म्हणजे विकटगड, पायी करता येतो. लोकलचे तिकीट पन्नास रुपयांच्या आत, वर चहा-वडापाव. पुणेकराला लोणावळा लोकलने मळवली गाठून भाजे गावातून लोहगडवाडीपर्यंत आणि तिथून लोहगडावर चालत जाता येते. लोकलला वीस रुपयांच्या आत लागतात, गडावर पुरातत्त्व खात्याचे पंचवीस रुपयांचे तिकीट. पंधरा वर्षांखालच्या मुलांना त्या तिकिटातून सूट आहे, त्यामुळे चौघांच्या कुटुंबाला दोनशे रुपयांत एक गड पाहून होतो. लोणावळ्याहून राजमाचीलाही पायी जाता येते. ती वाट पंधरा किलोमीटरच्या वर आहे, पण बऱ्यापैकी सपाट आहे. ज्यांना आपल्या पायांचा अंदाज घ्यायचा आहे त्यांनी सुरुवात या तीन ठिकाणांहून करावी. शूज फुटले, पोटऱ्या आखडल्या, तर घरी परतायला गाडी समोर असते.

आता कळसूबाई, १,६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर. हे मुख्य धारेच्या पूर्वेला फुटलेल्या रांगेवर आहे, म्हणून घाटमाथ्यावरूनच चढावे लागते. मुंबईकराची जुनी रीत अशी: मध्यरात्रीच्या सुमाराची शेवटची कसारा लोकल, कसाऱ्याहून घोटीपर्यंत काळी-पिवळी जीप, घोटीहून राजूर-भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या जीपने किंवा एसटीने बारी. लोकलचे जाण्यायेण्याचे मिळून ऐंशीच्या आत. शेअर जीपचे दोन टप्पे मिळून एका बाजूला दीडशे धरा, म्हणजे दोन्ही बाजूंचे तीनशे. गावातला नाश्ता, जेवण आणि तिकीट मिळून पावणेतीनशे-तीनशे. हिशेब साडेसहाशे-सातशेवर येतो. वरच्या लिंबू सरबतासह आठशे.

जीप पहाटे भरत नाही, ही यातली खरी अडचण. चालकाला नऊ-दहा माणसे हवी असतात आणि तुम्ही चौघे असता. अशा वेळी स्टेशनबाहेरच दुसऱ्या एखाद्या टोळक्याला विचारावे. लोकलमधून उतरलेल्या पाठपिशव्या बहुधा एकाच दिशेला निघालेल्या असतात. दोन टोळकी एकत्र आली आणि कसारा ते बारी जाण्यायेण्याची पूर्ण जीप अडीच ते साडेतीन हजारांना ठरली, तर नऊ जणांत माणशी तीनशे-चारशे पडतात. परतीची वेळ आणि थांबण्याचे पैसे भाड्यात धरले आहेत ना, एवढे मात्र गाडीत बसण्याआधी बोलून घ्यावे. संध्याकाळी बारीतून सुटणारी वाहने कमी असतात आणि थकलेल्या माणसाला घासाघीस जमत नाही.

स्वतःची गाडी असेल तर? दादर ते बारी दीडशे किलोमीटरच्या थोडे वर. जाऊन-येऊन ३१० किलोमीटर, लिटरला पंधरा किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपये धरले, तर इंधनाचे सुमारे २,१५०. टोल आणि गावातले पार्किंग मिळून आणखी तीनशे-चारशे. चौघांत माणशी सहाशे-साडेसहाशे. गावातला खर्च धरून नऊशे. सहा जणांनी मोठी गाडी चालकासह भाड्याने घेतली, किलोमीटरला पंधरा रुपये दर आणि चालकाचा भत्ता लावला, की साडेपाच हजारांच्या आसपास बिल होते. म्हणजे माणशी नऊशे, आणि जेवणखाण धरून बाराशे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून वेळ वाचतो, टोल मात्र वाढतो. एक पथ्य सांगावेसे वाटते. रात्रभर गाडी चालवून, दिवसभर डोंगर चढून, संध्याकाळी तोच माणूस पुन्हा चाकामागे बसणार असेल, तर चालकाचा भत्ता वाचवू नका. परतीच्या रस्त्यावरची डुलकी डोंगरातल्या कातळापेक्षा जास्त घातक ठरते.

एसटीने जाणाऱ्यांसाठी हिशेब सोपा आहे. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला सहा किलोमीटरच्या टप्प्यामागे दहा रुपयांच्या आसपास पडतात. महिलांना मार्च २०२३ पासून सर्व एसटी गाड्यांत निम्मे भाडे आहे, ७५ वर्षांपुढच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत. नुसत्या मैत्रिणींचा गट असेल तर, रेल्वे सोडली, तर एसटीएवढे स्वस्त वाहन या राज्यात दुसरे नाही. नाशिकहून साल्हेरला जायचे असेल, तर सटाण्यापर्यंतच्या नव्वदेक किलोमीटरला पुरुषाला दीडशे आणि बाईला पंचाहत्तर. पुढे ताहराबादहून साल्हेरवाडी किंवा वाघांबे गाठायला गाडी ठरवावी लागते आणि तिथे पैसे लागतात. साल्हेर १,५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, माथ्यावर परशुरामाचे देऊळ. एवढे लांब गेल्यावर शेजारचा सालोटा सोडून परतणे परवडत नाही, म्हणून इथे दोन दिवस काढावेत. पुणेकरांना तोरण्यासाठी स्वारगेटहून वेल्ह्याची गाडी थेट पायथ्याला सोडते. राजगडासाठी गुंजवण्यापर्यंतचा शेवटचा तुकडा मात्र वडापने, म्हणजे शेअर जीपने, किंवा स्वतःच्या दुचाकीने करावा लागतो. बरेच पुणेकर दुचाकीनेच जातात आणि ते स्वस्तच आहे, फक्त पहाटेच्या धुक्यात घाईने जाऊ नये.

ग्रुपबरोबर जायचे असेल तर

एका दिवसाच्या ट्रेकला आज मुंबई-पुण्याहून आयोजक साधारण आठशे ते दीड हजार घेतात. हरिश्चंद्रगडासारखा मुक्कामाचा ट्रेक दीड ते अडीच हजार. अलंग-मदन-कुलंगला साडेतीन ते सहा हजार, कारण मदनवर कातळ चढावा लागतो आणि तिथे दोर, हार्नेस व तो हाताळणारी शिकलेली माणसे लागतात. वरचा हिशेब पाहिलात तर लक्षात येईल की एकट्यादुकट्याला आयोजकाची फी महाग नाही. तुम्ही एक किंवा दोघे असाल तर पैसे भरून मोकळे व्हावे. चौघांपुढे गेलात की स्वतः ठरवून जाणे परवडू लागते.

फीचा मोठा भाग बसमध्ये जातो, त्यानंतर जेवणात, आणि जे उरते त्यात लीडरचे मानधन, गावातला वाटाड्या आणि आयोजकाचा नफा. म्हणून कुणी सहाशेत कळसूबाई देत असेल तर ते पैसे कुठून वाचवले, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. बहुधा लीडर कमी केलेले असतात. पन्नास माणसांमागे दोन विशी-बाविशीतली मुले, त्यातला एक पुढे आणि एक मागे, मधल्या चाळिसांना वाली नाही. दहा-बारा जणांमागे एक लीडर असावा, असे मी धरतो. पावसाळ्यात आठांमागे एक.

पैसे भरण्याआधी काही गोष्टी लेखी विचाराव्यात, व्हॉट्सॲपवर विचारल्या तरी चालेल. संस्थेची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? राज्याच्या साहसी पर्यटन धोरणानुसार ती लागते. लीडरने प्रथमोपचाराचे किंवा गिर्यारोहणाचे शिक्षण कुठे घेतले? विमा काढणार असाल तर किती रकमेचा, आणि त्यात कातळारोहण धरले आहे का? कितीतरी साध्या अपघात विम्यांत दोराच्या साहाय्याने केलेले गिर्यारोहण वगळलेले असते. बंदी आली किंवा पाऊस झोडपायला लागला आणि ट्रेक रद्द झाला, तर पैसे परत मिळणार की पुढच्या ट्रेकला वळवणार? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त वाद घडवतो. "पैसे परत मिळणार नाहीत" या एका ओळीपायी आयोजक धोक्याच्या दिवशीही बस सोडतात आणि लोकही पैसे बुडतील म्हणून जातात. रद्द झाल्यास पैसे परत देणारा आयोजक शंभर-दोनशे महाग असला तरी त्याच्याकडेच जावे.

फी घेणाऱ्या आयोजकांखेरीज ना-नफा तत्त्वावर चालणारे जुने गिरिभ्रमण क्लब मुंबई, ठाणे, डोंबिवली, पुणे, नाशिक इथे आहेत. तिथे कॉन्ट्री निघते, म्हणजे झालेला खर्च जणांत भागायचा. खर्च कमी येतो आणि नकाशा वाचणे, वाट काढणे, दोर बांधणे आपोआप शिकायला मिळते. ज्याला वर्षातून एकदा फोटोपुरते जायचे नाही, त्याने क्लब गाठावा.

गावात दिलेले पैसे

पायथ्याच्या गावात पिठले-भाकरी, भात-आमटी, ठेचा, पापड अशी थाळी दीडशे ते अडीचशेला मिळते. कोंबडीची असेल तर तीनशे-साडेतीनशे. घरातल्या ओसरीवर किंवा सारवलेल्या खोलीत माणशी शंभर ते तीनशेत रात्र काढता येते. तंबू भाड्याने घेतला तर दोघा-तिघांत मिळून तीनशे-पाचशे. आदल्या दिवशी फोन करून माणसे किती, पोहोचणार केव्हा, हे सांगून ठेवावे. पंधरा जणांचा स्वयंपाक सांगून आठच जण उगवले तर त्या घराचे पीठ, तेल, सरपण आणि मावशींची पहाट वाया जाते. तेवढ्यांचे पैसे देणे तुमच्याकडे लागते.

वाटाड्या दिवसाला आठशे ते दीड हजार घेतो, दोराच्या वाटांवर दोन-अडीच हजार. दहा जणांत तो माणशी शंभर-दीडशे पडतो. मळलेल्या वाटेवर, गर्दीच्या दिवशी, त्याची गरज नसते. कळसूबाईला बारीहून रविवारी वाट चुकणे अवघड. पण धुके उतरले, कारवीचे रान माजले, ढोरवाटा चार दिशांना फुटल्या, की मोबाईलवरची रेघ आणि पायाखालची वाट जुळत नाही. नाळेच्या, घळीच्या, घसाऱ्याच्या वाटांवर गावातला माणूस बरोबर असणे मी सक्तीचे मानतो. त्याला पाण्याचे टाके कुठले भरलेले आहे हे ठाऊक असते, मधमाश्यांचे पोळे कुठे लागले आहे हेही ठाऊक असते. राजगडासारख्या ठिकाणी हे दुसरे ज्ञान अमूल्य आहे.

इथे घासाघीस करणे मला पटत नाही. कळसूबाईच्या वाटेवर पाण्याची बाटली किंवा सरबत खालच्यापेक्षा दुप्पट दराने विकले जाते. त्याआधी ते कुणीतरी शिड्यांवरून डोक्यावर वाहून वर आणलेले असते. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड हा सारा परिसर अभयारण्यात मोडतो. तिथल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांना भाताच्या एका पिकानंतर दुसरे उत्पन्न फारसे नसते. हजार रुपयांची बस करून आलेल्या माणसाने भाकरीमागे दहा रुपये तोडून घेणे हे शोभत नाही. उलट, शहरातून खाण्याची पाकिटे, पाण्याच्या पेट्या भरून आणणारे गट गावात एक रुपया सोडत नाहीत आणि कचरा तेवढा ठेवून जातात. आयोजक निवडताना जेवण गावातल्या घरी आहे की केटररचे, हेही विचारा.

सुटे पैसे न्या. पाचनई, उधेवाडी, आंबेवाडी अशा पायथ्याच्या गावांत स्कॅन करायचा फलक असला तरी रेंज असेलच असे नाही. शंभर, पन्नास आणि वीसच्या नोटा मिळून माणशी पाचशे रोख ठेवावेत.

तिकिटे आणि परवानग्या

वनखात्याच्या किंवा ग्राम परिस्थितिकी विकास समितीच्या नाक्यावर माणशी वीस-तीस ते पन्नासपर्यंत घेतात, गाडीचे वेगळे. पावती मागावी. अभयारण्यात जाळ करणे हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. म्हणून "कॅम्पफायर समाविष्ट" अशी जाहिरात हरिश्चंद्रगडासाठी कुणी केली, तर तो आयोजक टाळावा. माथेरानच्या डोंगरातून चढून गावात शिरलात तर पालिकेचा प्रवासी कर पन्नास रुपये द्यावा लागतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत राजगड, साल्हेर, लोहगड, रायगड, प्रतापगड हे डोंगरी किल्ले आहेत. अशा संरक्षित गडांवर मुक्कामाला परवानगी आहे की नाही हे निघण्याआधी विचारून घ्यावे, नाहीतर रात्री उतरावे लागेल आणि खाली राहण्याचा खर्च वाढेल.

सामान

एकच वस्तू चांगली घ्या: बूट. सह्याद्रीचा कातळ बेसाल्टचा, पावसात त्यावर शेवाळ धरते आणि उन्हाळ्यात मुरमाचा घसारा सुटतो. धावण्याचे मऊ तळव्याचे बूट दोन्हीकडे घसरतात. 'ॲक्शन ट्रेकिंग' नावाचे साधे, देशी बूट कित्येक वर्षे इथल्या भटक्यांच्या पायांत आहेत आणि त्यांची कातळावरची पकड चांगली आहे. किंमत हजाराच्या आसपास. पंधराशे ते अडीच हजारांत इतर कंपन्यांचेही चालण्यासारखे मिळतात. सहा-सात हजारांचे घोट्यापर्यंतचे हिमालयी बूट इथे जड होतात आणि भिजले की दोन दिवस वाळत नाहीत. बूट घेतल्यावर आठवडाभर घराभोवती वापरून मगच डोंगरात न्यावेत.

बाकी सगळे घरातले चालते. मुलांची शाळेची मजबूत पाठपिशवी, आत मोठी प्लास्टिकची पिशवी. रेनकोट असेल तो. पूर्ण बाह्यांचा सदरा. काठीसाठी गावात मिळणारा बांबू. डोक्याला बांधायची विजेरी मात्र तीनशे-चारशेची घ्या, मोबाईलच्या उजेडावर भिस्त ठेवू नका, कारण कातळावर दोन्ही हात मोकळे लागतात. पाणी माणशी तीन लिटर, मार्चनंतर चार. जलसंजीवनीची दोन-तीन पाकिटे. स्लीपिंग बॅग विकत घेऊ नये. ती शहरातल्या दुकानांत रात्रीच्या शंभर-दीडशे रुपये भाड्याने मिळते. नवख्याने पहिल्या वर्षी बूट, विजेरी आणि रेनकोट मिळून दोन-अडीच हजारांपुढे जायची गरज नाही.

हंगाम बघून

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची इथे काजवे चमकतात आणि मुक्कामाचे दर दीडपट-दुप्पट होतात. ३१ डिसेंबरलाही तेच. आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर घरे रिकामी, जीप स्वस्त आणि वाट शांत मिळते. फक्त शेअर जीपला माणसे कमी पडतात, म्हणून मधल्या दिवशी एसटीचे वेळापत्रक पाहूनच निघावे. खर्च आणि हवा दोन्ही बघता ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ मला सगळ्यात सरस वाटतो. टाक्यांत पाणी असते, वाटा वाळलेल्या असतात, आणि कोकणच्या बाजूची हवा स्वच्छ असते.

पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधबे, धरणे आणि काही गडांवर जमावबंदीचे आदेश काढतात. पूर्वी ते कलम १४४ खाली निघत, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. आदेश मोडला तर गुन्हा दाखल होतो. दंड, परत फिरण्याचे भाडे आणि बुडालेली फी मिळून स्वस्त ट्रेक महाग होतो. पण पैशापेक्षा मोठे कारण जमिनीचे आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. कितीतरी भटक्यांनी त्या वाडीतल्या घरांतून पाणी प्यायले, भाकरी खाल्ली होती. सलग दोन-तीन दिवस धो-धो पाऊस झाला असेल आणि हवामान खात्याने लाल इशारा दिला असेल, तर ट्रेक रद्द करावा आणि भरलेले पैसे गेले असे समजावे.

अपघात झालाच तर खर्चाची भीती धरून मदत मागायला उशीर करू नका. सह्याद्रीतले बचावकार्य मुख्यतः स्वयंसेवक करतात. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्था आणि त्यांना जोडणारे महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर यांचे लोक आपापली कामे सोडून दोर घेऊन धावतात आणि जखमीकडून पैसे घेत नाहीत. या सेंटरचा मदत क्रमांक ७६२०२३०२३१, आणि सरकारी आपत्कालीन क्रमांक ११२. निघण्याआधी दोन्ही कागदावर लिहून पाठपिशवीत ठेवावेत, कारण मोबाईल भिजतो, बॅटरी संपते. त्याच कागदावर पायथ्याच्या ज्या घरी जेवण सांगितले आहे त्या घराचा क्रमांक लिहावा, आणि परतीची वेळ घरी एकाला व गावात एकाला सांगून वर चढावे. ठरल्या वेळेला जेवायला उतरला नाहीत, तर तुम्हाला शोधायला पहिला माणूस त्याच घरातून निघतो.